‘चहाबाज’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: रूइबॉसचं श्रेय कुणाचं?

चहाबाज,

तुमचा रोख कळला. दक्षिण आफ्रिकेतला रूइबॉस, म्हणजे तिथल्या एका झुडपाचा चहा, नावारूपाला आणला एका व्यापाऱ्याने आणि एका डॉक्टरने. माझ्या लेखात मी खोई आणि सान या तिथल्या मूळच्या लोकांना श्रेय दिलं ते निव्वळ भावनेपोटी, असं तुमचं म्हणणं. शिवाय स्वीडिश वनस्पतितज्ज्ञ थुनबर्गने १७७० च्या दशकात ज्या ‘चहा’ची नोंद केली ते झुडूप वेगळंच होतं, हेही तुम्ही सुनावलंत. बरोबर आहे, म्हणून तर माझ्या लेखात थुनबर्ग नाही!

पण १९०४ मध्ये बेंजामिन गिन्सबर्गने धंदा सुरू केला तो कशाच्या जिवावर? सेडरबर्गच्या डोंगरातले लोक झुडूप तोडून, ठेचून, वाळवून चहा करतच होते. त्याने बाजारपेठ मिळवून दिली, कृती नव्हे.

आणि सगळी गोम कृतीतच आहे. झुडूप हिरवं, पानं सुईसारखी. तिथल्या उन्हाळ्यात, जानेवारीपासून पुढे, फांद्या कापून त्यांचे अगदी बारीक तुकडे करतात. पाणी मारून चेचतात आणि ढीग घालून रात्रभर ठेवतात. चेचलेल्या पाल्याला हवा लागली की ऑक्सिडीकरण होतं. सकाळी ढीग विटकरी तांबडा झालेला असतो, गोडसर वास सुटलेला असतो. मग पातळ पसरून उन्हात वाळवणं. आता चेचायला यंत्रं आली, शेवटी वाफ देऊन निर्जंतुक करतात, बाकी रीत तीच. ढीग न घालता वाळवलेला हिरवा रूइबॉसही मिळतो. मला तो गवताचं पाणी वाटतो.

डॉ. नॉर्टियर यांनी १९३० च्या सुमारास लागवड जमवली, हे मान्यच. टणक कवच खरवडल्याशिवाय बी नीट रुजत नाही, आणि शेंग तडकली की ते उडून जातं. मग गोळा कसं करायचं? एका खोई बाईने मुंग्यांच्या वारुळातला साठा हेरला, असं तिकडे सांगतात. गोष्टीला तिखटमीठ लागलं असेल, पण लागवडीच्या कथेतही ती बाई आहेच.

राहिली ‘भावना’. वर्षानुवर्षं वाटाघाटी होऊन २०१९ मध्ये करार झाला: शेतकऱ्याला शेतावर मिळणाऱ्या दराच्या दीड टक्का रक्कम खोई आणि सान समाजांना. व्यापारी भावनेपोटी दीड टक्का सोडतात होय?

आणि तुमचा कप ‘पाणचट’ झाला तो दोन मिनिटांत गाळल्यामुळे. यात कॅफीन नाही, टॅनिनही कमी, त्यामुळे कडवट होण्याची धास्ती नको. चांगला पाच-सात मिनिटं उकळू द्या, दूध मागाहून घाला.