किती पडले?

दहावीचा निकाल लागला की आमच्या सांगलीत चौकाचौकात फ्लेक्स लागतात, पोरांचे फोटो आणि खाली टक्के. माझ्या भाच्याचा पण लागलेला गावात, ९४. ताई म्हणाली तुझ्याकडं ठेवते, नीटचा क्लास लावूया, म्हणून पोरगं विश्रामबागेत आमच्याकडं आलं.

दिवाळीनंतर डबा तसाच परत यायला लागला. चपात्या कडक, भाजीला हात नाही. विचारलं तर "भूक नव्हती मावशी" एवढंच. मी म्हटलं वय आहे, प्रेमबिम असंल. खरं सांगते, मला कायच कळलं नाही.

कळलं तालमीतल्या वस्तादांना. संध्याकाळी जायचा तिकडं, पंधरा दिवस फिरकला नाही म्हणून दारात आले, "वैनी, पोरगं नजर देत नाही, बघा जरा." आणि हेच वस्ताद आत जाऊन त्याला म्हणाले, मर्द गडी असून तोंड पाडून काय बसलायस. आता काय बोलायचं!

मग हळूहळू बाहेर आलं. दर रविवारी टेस्ट, रात्री पालकांच्या ग्रुपवर रँक, ताई तो स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकणार, मग काका-आत्या सगळे "अजून जोर लाव बाळा". सगळे म्हणतात मोबाइलनं पोरं बिघडली, असंल पण, पण ती रँक त्याच्या मोबाइलवर नाही, आमच्या मोबाइलवर फिरत होती ना.

एकदा रात्री अकराला मी १४४१६ ला फोन लावला, मनाच्या त्रासासाठी असलेली सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. मग मिरजेला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पहिल्यांदा झोप विचारली. या वयाला ८ ते १० तास लागते आणि वयात येताना झोपेचं घड्याळच उशिराकडं सरकतं म्हणे, आळस नाही तो. आमचा रात्री एक वाजता झोपून साडेपाचला उठत होता. ताईचं मात्र वेगळंच, भावकीत कळू देऊ नको, उद्या लग्नाला अडचण येईल. अगं पोरगं सोळा वर्षांचं आहे!!

रँकचे स्क्रीनशॉट आता बंद केलेत, ताई दोन दिवस रुसली होती. गोळ्या चालू आहेत, तालीम पण. डबा कधी संपतो कधी नाही.

परवा तासगावला लग्नात एका पाहुण्यांनी गाठलंच, "काय रे, किती पडतात टेस्टला?" हा म्हणतो, "काका, पंगत बसलीय, आधी जेवून घ्या."