दूध ब्रामुळे आटत नाही

गरोदर मुलींच्या आणि त्यांच्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: दिवस राहिले की लगेच दोन साइझ मोठ्या अर्धा डझन ब्रा घेऊन टाका, बाळ अंगावरचं सोडेपर्यंत पुरतात. तारेची ब्रा घातली तर दूध आटतं आणि पुढे कॅन्सर होतो. रात्रंदिवस घट्ट ब्रा नसेल तर बाळाला पाजून छाती ओघळते. पुण्याच्या तुळशीबागेतला स्वस्त माल बाळाला घातक, म्हणून नर्सिंग ब्रा, म्हणजे पाजताना क्लिप काढून कप खाली पाडता येतो ती, महागाचीच हवी. नवव्या महिन्यात, आधीच खर्चाचा डोंगर समोर असताना, हे वाचून मुली घाबरतात आणि नको तिथे पैसे घालतात. याचा मला मनापासून राग येतो.

आधी ते अर्धा डझन. पहिल्या दीड-दोन महिन्यांतच छाती जड आणि हुळहुळी होते, हे खरं आहे. पण पुढे कुणाचा कप वाढतो, कुणाचा घेर. पोट वर सरकतं तशा बरगड्या पसरतात, आणि बाळंतपणानंतर तो घेर हळूहळू उतरतो. बाळंतपणानंतर साधारण दोन ते पाच दिवसांत दूध भरतं, तेव्हा छाती तटतटून दगडासारखी होते. पुढे काही आठवड्यांत दूध बाळाच्या भुकेशी जुळलं की पुन्हा मऊ पडते. माप इतकं बदलणार असेल तर पहिल्याच महिन्यात घेतलेल्या सहापैकी अंगाला नीट बसणार किती?

शिवाय ‘दोन साइझ मोठी’ म्हणजे बहुतेक जणी 34 ऐवजी 38 घेतात. तो आकडा घेराचा असतो. घेर सैल पडला की सगळा भार खांद्यांवरच्या पट्ट्यांवर येतो, पट्ट्या रुततात आणि पाठ दुखते. वाढला असेल कप, तर कपच वाढवायचा: 34 बी ची 34 सी. छातीखालून टेप लावून माप घ्या. घेराच्या पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. चौथ्या-पाचव्या महिन्यात दोन साध्या सुती ब्रा पुरतात, आणि त्या सर्वांत आतल्या हुकावर बसतील अशा घ्या, म्हणजे पुढे सैल करता येतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर मागे जोडायची जादा हुकांची पट्टी अगदी स्वस्तात मिळते. नर्सिंग ब्रा छत्तीस-सदतीस आठवड्यांच्या सुमारास घ्या, आणि तेव्हा उलट करा: सर्वांत बाहेरच्या हुकावर बसणारी निवडा, कारण घेर आता कमी होत जाणार आहे. कपात मात्र थोडी जागा सोडा.

आता तार. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने 2014 मध्ये पाळी गेलेल्या, 55 ते 74 वयाच्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार होती का, दिवसाचे किती तास ब्रा घातली, कितव्या वर्षी घालायला लागल्या, हे सगळं त्यांनी विचारलं. स्तनांच्या कर्करोगाशी त्याचा काहीही संबंध आढळला नाही. दूध बाळ किती वेळा आणि किती नीट पितं यावर ठरतं. छाती रिकामी होत राहिली की नवं दूध तयार होत राहतं. मेसेजमध्ये खरं इतकंच सापडेल की रुतणारी तार किंवा घट्ट पट्टी एकाच जागी दाब देते आणि तिथे दूध साकळू शकतं. तेव्हा तार टाळलेली बरी. गाठ लाल झाली, ताप आला, तर डॉक्टरांकडे जा. पाजणं मात्र बंद करू नका.

ओघळण्याचं भय तर बाळाचं दूध तोडायला कारण ठरतं, म्हणून ते जास्त वाईट. केंटकी विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जननी केलेल्या पाहणीत अंगावर पाजण्याचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. वय, गर्भारपणांची संख्या, वजन, मूळचा मोठा आकार आणि धूम्रपान यांचा दिसला. रात्री ब्रा घालायचीच असं काही नाही. दूध गळत असेल तर पॅड धरून ठेवायला सैल, मऊ ब्रा घाला. पॅड म्हणून जुन्या सुती साडीच्या चौकोनी घड्या उत्तम, फक्त ओल्या झाल्या की लगेच बदला. आपल्या आज्या-पणज्यांनी पुढे गाठ मारायच्या चोळीतच पोरं वाढवली की!

राहिली तुळशीबाग. तिथे किंवा लक्ष्मी रोडवर घ्या, किंमत नका पाहू, कापड आणि क्लिप पाहा. ट्रायल देत नसतील तरी क्लिप काउंटरवरच एका हाताने उघडून आणि लावून बघा, कारण दुसऱ्या हातावर रडणारं बाळ असणार आहे. कप खाली पडल्यावर आत राहणारी चौकट बोटांनी ताणा. भोक अरुंद असेल तर कापडाची कड छातीत रुतेल. आतून शिवण टोचते का तेही चाचपा. जाड फोमची नकोच. पुण्याच्या जुलैत ती दोन दिवस वाळत नाही. नर्सिंगच्या तीन पुरतात, एक अंगावर, एक धुण्यात, एक दोरीवर. पावसाळ्यात बाळंत होणार असाल तर चौथी घ्या.