काडतूस हे चलन चालतं, आणि खेळाच्या टेबलावर तर उत्तम चालतं

जगाची राखरांगोळी झाल्यानंतरच्या काळात घडणारे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचे कथाखेळ) खेळणाऱ्यांमध्ये एक दावा हल्ली सारखा फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: "बंदुकीच्या गोळ्या पैसा म्हणून वापरणं हा आळशी लेखनाचा नमुना आहे. जी वस्तू वापरली की संपते ती चलन होऊच शकत नाही. बोअर, म्हणजे नळीचं माप, दहा प्रकारचे आणि गोळ्याही दहा प्रकारच्या, त्यांचा भाव कोण ठरवणार? सगळं कोसळलं की माणसं सोन्याकडेच वळतील. कुठला शहाणा दुकानदार अनोळखी माणसाच्या हाती दारूगोळा देईल? आणि गोळ्या मोजत बसलं की सेशनचा, खेळाच्या बैठकीचा, विचका होतो." हे इतकं ठासून सांगितलं जातं की नवे गेम मास्टर, म्हणजे खेळातलं जग उभं करून खेळ चालवणारे, बिचकतात आणि निमूटपणे नाण्यांकडे वळतात. म्हणून एकेक मुद्दा नीट बघू.

संपणारी वस्तू चलन होत नाही, हा पहिला मुद्दा साफ चुकीचा आहे. रॅडफर्ड नावाचा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात पकडला गेला, इटली आणि जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावण्यांत राहिला, आणि १९४५ साली त्याने तिथल्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. छावणीतला पैसा म्हणजे सिगारेट. पाव, जॅम, साबण, सगळ्यांचे भाव सिगारेटींत. एक कपडा धुऊन द्यायला दोन सिगारेटी. आता सिगारेट ही तर रोज ओढून संपणारी वस्तू! रेड क्रॉसची सिगारेटींची पार्सलं आली की भाव चढायचे, पार्सलं आटली की लोक शिल्लक ओढून टाकायचे आणि भाव कोसळायचे. चांगल्या सिगारेटी ओढल्या जायच्या, हलक्या बाजारात फिरायच्या. काही जण तर सिगारेट बोटांत फिरवून थोडी तंबाखू काढून घेत आणि मग ती पुढे खपवत. चलन डळमळीत होतं, तरी सगळी छावणी त्यावरच चालत होती.

या वर्णनात सिगारेटच्या जागी काडतूस ठेवा. गेम मास्टरला एका दमात अख्खी अर्थव्यवस्था मिळते. खात्रीची काडतुसं लोक मॅगझिनमध्ये भरतील, संशयास्पद बाजारात खपवतील. दारू काढून वाळू भरलेलं काडतूस कुणीतरी विकेलच, आणि ऐन वेळी तो बार फुसका निघेल. २०१० सालच्या 'मेट्रो २०३३' या व्हिडिओ गेमने हेच केलं होतं: युद्धापूर्वीची चांगली काडतुसं म्हणजे पैसा, नंतर भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत बनवलेली भेसळीची काडतुसं झाडायला. अडचणीत सापडलात तर पैसाही झाडता येतो, आणि तो जास्त जोरात लागतो.

शिवाय गोळी झाडली तरी पितळी पुंगळी उरते. ती पुन्हा भरता येते. अडतं ते तळाशी बसणाऱ्या, ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीपाशी; ती बनवणं चुलीवरचं काम नव्हे. ज्या वस्तीकडे टोप्या बनवण्याची सोय आहे, ती वस्ती म्हणजे त्या मुलखाची टांकसाळ. एवढ्या एका गोष्टीवर वर्षभराची कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग कथा, उभी राहते.

आणि हे फक्त कल्पनेतलं नाही. १६३५ साली मॅसेच्युसेट्सच्या वसाहतीत सुट्या नाण्यांची इतकी टंचाई होती की तिथल्या जनरल कोर्टाने, म्हणजे वसाहतीच्या विधिमंडळाने, पूर्ण बोअरची मस्केटची (त्या काळच्या लांब बंदुकीची) गोळी एका फार्दिंगच्या भावाने चालेल असा हुकूम काढला. अट एकच, एका वेळी १२ पेन्सांपेक्षा जास्त रक्कम गोळ्यांत घेण्याची कुणावर सक्ती नाही. एका पेनीचे चार फार्दिंग, म्हणजे ४८ गोळ्या. मोठे व्यवहार वेगळे, चिल्लर गोळ्यांची.

त्या हुकमातले 'पूर्ण बोअरची' हे शब्द दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आहेत. सगळ्या गोळ्या चलन नसतात. त्या भागातल्या बहुतेक बंदुकांत बसते ती गोळी चलन होते. बाकीच्या गोळ्या माल म्हणून विकल्या जातात, कमी भावात, गिऱ्हाईक सापडलं तर. इथिओपियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फ्रेंच 'ग्रा' रायफलची काडतुसं अशीच बाजारात फिरत होती, कारण ती रायफल तिथे मुबलक होती. ज्यांना हाही व्याप नको, त्यांच्यासाठी स्वीडनच्या फ्री लीग या प्रकाशकाचा 'म्यूटंट: इयर झिरो' (२०१४) हा गेम आहे. तिथे गोळ्यांनीच खरेदी होते आणि गोळी म्हणजे गोळी, बोअरचा प्रश्नच ठेवलेला नाही. मला स्वतःला दोन बोअर ठेवायला आवडतं. नदीच्या अलीकडे एक चालते, पलीकडे दुसरी, आणि पुलावर सराफासारखा एक बदलून देणारा बसलेला असतो. त्याच्याशी घासाघीस करण्यात आमचे खेळाडू रमतात.

सोन्याचं म्हणाल तर इथिओपियाचंच उदाहरण पुरेसं आहे. तिथे मोठं नाणं होतं मारिया थेरेसा थेलर, चांदीचं, १७८० साल कोरलेलं, अरबस्तानापर्यंत चालणारं. पण बाजारात मूठभर मिरच्या घ्यायच्या तर थेलरची मोड कोण देणार? ती गरज मिठाच्या लाद्यांनी आणि काडतुसांनी भागवली. सोनं-चांदी टिकतेच, मी नाकारत नाही. पण कॅम्पेनमध्ये पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, जे विकत घेते ते असतं एका रात्रीचा आसरा, एक कॅन पाणी, जखमेवरची पट्टी. त्यासाठी सोन्याचा किस पाडत कोणी बसत नाही.

दुकानदार शत्रूला शस्त्र देतो हा मुद्दा तर मला उलटाच वाटतो. गोळ्या देतो तो गिऱ्हाईक. खरेदी करून निघताना तो आला होता त्यापेक्षा दुबळा असतो, दुकानदार बळकट.

आता शेवटचा मुद्दा, मोजण्याचा. यात तथ्य आहे. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, खोडरबराने आकडा पुसून पुन्हा लिहीत बसणं कंटाळवाणंच. म्हणून आमच्या टेबलावर गोळी म्हणजे चिंचोका. प्रत्येकासमोर एक वाटी, मधोमध स्टीलचं ताट. बार काढला की चिंचोका ताटात. तो टण्णकन पडतो आणि सगळ्यांना ऐकू येतो. लिहायचं काहीच नाही.

मागच्या एका सेशनमध्ये पार्टीतल्या एकीला ताप चढला होता. वस्तीतल्या वैदूने औषधाचे सहा मागितले. सगळ्यांच्या वाट्या मिळून नऊ. आणि मधल्या रस्त्यावर, पुलाखाली, पिसाळलेल्या कुत्र्यांची टोळी.

"दादा, तू मार ना. माझ्याकडे दोनच आहेत."

"मी तीन झाडले की वैदूला द्यायला बरोबर सहाच उरतात. नेम चुकला तर?"

"मग नाल्यातून जाऊ. कमरेइतकं पाणी आहे म्हणाले होते ना?"

पुढचा बराच वेळ ते नाल्यातून कसं जायचं हेच बोलत होते. दोर कुणाकडे आहे, आजारी मुलीला कोण उचलणार, अंधार पडायच्या आत पोहोचू का. फासे अजून कुणी हातातही घेतले नव्हते. नाण्यांच्या पिशवीने हा प्रसंग घडला नसता, कारण नाणं आणि गोळी वेगवेगळ्या खात्यांत असतात. कुत्रे मारले असते आणि औषध वेगळं घेतलं असतं. इथे प्रत्येक बार म्हणजे औषधाचा एक घोट कमी.

हे चलन सगळ्याच गेमना शोभणार नाही. धडाधड गोळीबाराची मजा घ्यायला जमलेल्या ग्रुपला ते जाचेल, त्यांच्यावर ते लादू नये. पण टंचाई हाच ज्या खेळाचा विषय आहे, तिथे याहून नेमकं साधन मला माहीत नाही.

भाव ठरवताना एकच खुंटी पक्की रोवा: एका माणसाचं एक वेळचं जेवण म्हणजे एक गोळी. बाकी सगळं त्यावरून ठरतं. वजन विसरू नका. ९ मिलिमीटरचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, शंभर म्हणजे सव्वा किलोच्या आसपास, त्यामुळे गडगंज पार्टी हळू चालते. आणि खेळाडूंना जुनं लष्करी कोठार सापडलं तर घाबरून ते रिकामं दाखवू नका, गोळ्या द्या. छावणीत पार्सलं आल्यावर झालं तेच वस्तीत होऊ द्या: आठवड्यात जेवण तीन गोळ्यांवर जाईल, ज्यांच्याकडे नाहीत ते पार्टीकडे रागाने बघू लागतील, आणि कोठार नेमकं कुठे आहे असं विचारत चार अनोळखी माणसं वस्तीच्या फाटकाशी येऊन बसतील.