बोलघेवडी की गप्पिष्ट?

गुरुजी, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप दोन आहेत. खुरपणीच्या लेखात मी आजीला 'बोलघेवडी' म्हटलं, तो तिच्यावर अन्याय आहे. आणि माझं लिहिणं म्हणजे 'पारावरची वटवट', त्याला शिस्त नाही.

पहिला आक्षेप मान्य. मी तो शब्द 'खूप बोलणारी' एवढ्याच अर्थानं लिहिला. पण आज बोलघेवडा म्हटलं की तोंडानं सगळं करणारा आणि हातानं काहीच न करणारा माणूस डोळ्यांपुढं येतो. आजी रानात दिवसभर बोलायची, पण तिची पात, म्हणजे खुरपायची ओळ, कधी मागं राहिली नाही. शब्द चुकलाच.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र भांडायचं आहे. एकाची टकळी चालू असते, दुसरा चऱ्हाट वळतो, तिसरा तेच ते दळण दळतो. हे सगळे शब्द घरातल्या-रानातल्या कामातून आलेत, म्हणून मला फार प्रिय आहेत. पण माणूस किती बोलला एवढ्यावर असे शब्द ठरत नाहीत; ऐकणाऱ्याचं काय झालं, यावर ठरतात. वाचाळाला समोर कोण आहे याचं भान नसतं. तोंडाळ माणूस बोलून दुखावतो. गप्पिष्ट माणूस मधेच थांबतो, कारण गप्पांना दुसरा लागतो. आजी नव्या सुनेला विचारायची, "काय गं, तुह्या माहेराकडं पडला का पाऊस?" आणि उत्तर येईपर्यंत नुसतं खुरपं चालायचं.

बोलल्यासारखं लिहिताना मी तेच थांबणं शोधतो. त्याला शिस्त लागत नाही, हे मला पटत नाही. पैठणच्या एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, शब्द न् शब्द तपासून. त्याच एकनाथांनी 'विंचू चावला'सारखी भारुडं रस्त्यावरच्या बोलीत रचली. आज आपण कंटाळवाण्या बोलण्याला 'काय भारूड लावलंय' म्हणतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. ती तर समोरचा माणूस उठून जाऊ नये म्हणून रचलेली होती.

खुरपणीच्या लेखातला एसटीच्या प्रवासाचा परिच्छेद पाल्हाळिक झालाय, तो काढतो. 'बोलघेवडी'च्या जागी 'गप्पिष्ट' करतो. आजीच्या तोंडचं 'काय करायलीस' मात्र 'काय करते आहेस' होणार नाही. ती तसंच विचारायची.