बदकाची चोच

गोव्यातल्या साळावली धरणावर निघालात? जा की. मात्र भर पावसात जा आणि रविवारीच जा. गाडी लावायला जागा मिळाली तर सहल कसली ती!

पोचल्यावर थेट डकबिल, म्हणजे बदकाच्या चोचीसारखा सांडवा, गाठायचं. धरण भरलं की त्या बदकाच्या चोचीतून पाणी धो धो कोसळतं, त्याकडे पाठ करून रील काढायचं. 'हे असं का बांधलंय?' असं सोबतच्या पोरानं विचारलंच, तर त्याच्या हातात चिप्स द्या. नाहीतर सांगत बसावं लागेल, की ज्या हिरव्या उताराला तुम्ही टेकडी समजलात तेच धरण आहे, जवळजवळ १ किलोमीटर लांबीचं आणि बरंचसं मातीचं. मातीवरून पाणी गेलं की माती राहत नाही, म्हणून जादा पाण्याला ही पक्की वाट. एवढं ऐकल्यावर कुणाला नाचावंसं वाटेल?

उताराच्या पायथ्याकडे तर बघूच नका. मातीचं धरण म्हटलं की थोडं झिरपायचंच. झिरपा नितळ असला तर ठीक, गढूळ झाला तर आतली माती निघाली असं समजायचं. पण आपल्याला काय त्याचं, आपण बाटलीतलं पाणी आणलंय. रिकामी बाटली गवतात टाका, दिसत नाही. उतारावर झाडं का लावत नाहीत म्हणून सरकारला नावं मात्र जरूर ठेवा. मुळं कुजली की पाण्याला आयती भुयारं मिळतात, पण पर्यावरणप्रेमात असलं काही आणू नये.

खेकड्यांचीही चिंता नको. जुलै २०१९ मध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण रात्री फुटलं, माणसं गेली, तेव्हा धरण पोखरलं म्हणून मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं होतं. आपल्याकडे कुर्ली, म्हणजे खेकडा, बिळात टिकते कुठे? तोणाकात, म्हणजे रश्शात असते. गोंयकार धरणाची देखभाल जेवता जेवता करतात.

मे महिन्यात पुन्हा या. पाणी उतरलं की धरणात बुडालेलं कुर्डी गाव वर येतं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी. महादेवाचं जुनं देऊळ दगड न् दगड सुटा करून वेळीच हलवलं, घरं तेवढी राहिली. आता नुसती जोती दिसतात. उठून गेलेले गावकरी त्या दिवसांत तिथल्या सोमेश्वराच्या देवळात येतात. एखादा आजोबा चिखलातला चौकोन दाखवून नातीला सांगत असेल, "हांगा आमची रांदपाची कूड आशिल्ली." इथं आमचं स्वयंपाकघर होतं.

त्यांना जरा बाजूला व्हायला सांगा. फ्रेममध्ये येतात.