स्टेंट बसला म्हणजे आजार गेला, असं नव्हे

सध्या फिरत असलेला मेसेज असा: ‘अँजिओप्लास्टीत ब्लॉकेज काढून टाकतात. स्टेंट बसला की अटॅकची भीती संपली. मग रक्त पातळ करायच्या गोळ्या कशाला? उगाच रक्तस्राव होतो.’

ब्लॉकेज कुणी काढत नाही. मनगटातून किंवा जांघेतून नळी हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी नेतात. तिच्यातून जेमतेम 0.36 मिलिमीटर जाडीची तार अरुंद जागेच्या पलीकडे सरकवतात आणि तारेवरून मिटलेला फुगा. तो फुगवला की चरबीचा थर भिंतीत दाबला जातो, थोडा चिरतोही. पण राहतो तिथेच. 1977 मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नुसता फुगाच होता. बऱ्याच जणांची धमनी काही महिन्यांत पुन्हा आवळायची, म्हणून 1986 पासून धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, आली, पुढे तिच्यावर औषधाचा लेप.

‘अटॅकची भीती संपली’ हे कुणाबद्दल म्हणताय? अटॅक चालू असताना, गुठळीने धमनी बंद पडली असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तिथे एकेक मिनिट मोलाचं. पण जिना चढताना छातीत भरून येतं, बसलं की थांबतं, अशा स्थिर दुखण्याचं गणित वेगळं आहे. ‘करेज’ (2007) आणि पाच हजारांवर रुग्णांचा ‘इस्केमिया’ (2020) या अभ्यासांत नीट औषधोपचारांच्या जोडीला स्टेंट टाकूनही मृत्यू कमी झाले नाहीत. दुखणं मात्र कमी झालं, आणि ते काही थोडं नाही. (डाव्या मुख्य धमनीतला मोठा ब्लॉकेज यात धरलेला नव्हता.) कारण उघड आहे: स्टेंट दोन-तीन सेंटिमीटर सांभाळतो, आजार सगळ्या धमन्यांत असतो. पुष्कळदा अटॅक येतो तो दुसरीकडचा, फारसा न अडवणारा थर फुटून.

गोळ्यांचा मुद्दा सर्वांत घातक. नव्या जाळीवर धमनीचं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी होऊ शकते आणि स्टेंट अचानक बंद पडला तर अनेकदा जिवावर बेततं. म्हणून दोन गोळ्या, साधारण सहा महिने. अटॅकनंतर बहुधा वर्षभर. नंतरही एक बहुतेकांना चालूच राहते. रक्तस्रावाचा धोका खरा आहे, म्हणूनच काहींची मुदत कमी करतात. पण ती हृदयरोगतज्ज्ञांनी. दात काढायचा म्हणून परस्पर गोळी बंद करू नका, आधी त्यांना फोन करा.