नऊ दिवसांत आफ्रिकातज्ज्ञ कसे व्हावे

गेल्या रविवारी सायंकाळी मी सोलापुरातल्या एका सभागृहात पावणेदोन तास बसून ‘आफ्रिका : एक अनुभव’ हे व्याख्यान ऐकले. वक्त्यांनी हा अनुभव नऊ दिवसांत घेतला होता. त्यांपैकी सहा दिवस केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जीपमध्ये आणि उरलेले तीन विमानतळांवर व हॉटेलांत गेले होते. ५४ देशांचा खंड एवढ्याशा रजेत उरकता येतो, हे समजल्यावर तो लाभ इतरांनाही व्हावा म्हणून होतकरू वक्त्यांसाठी काही सूचना देत आहे.

सर्वप्रथम केनिया हा शब्द विसरावा. ‘केनियात गेलो होतो’ म्हटले की श्रोता पुढचे काही विचारत नाही. ‘आफ्रिकेत गेलो होतो’ म्हटले की तो खुर्चीत पुढे सरकून बसतो. हा नियम उलट दिशेने मात्र लावायचा नसतो. पुण्यात कोणी ‘सोलापूर म्हणजे कर्नाटकातच ना?’ असे विचारले की आपण दिवसभर धुमसत राहतो, ते योग्यच आहे, कारण बारकावे फक्त आपल्याकडे असतात.

‘आफ्रिकन भाषेत नमस्काराला जांबो म्हणतात’ असे सांगून सुरुवात करावी. तो शब्द स्वाहिलीतला आहे, सेनेगलच्या डाकारमध्ये वोलोफ आणि इथिओपियाच्या अदिस अबाबात अम्हारिक बोलतात, एकट्या नायजेरियात पाचशेहून अधिक भाषा आहेत, या गोष्टींनी रंगाचा बेरंग होतो. एकाच चौकात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू ऐकत वाढलेला सोलापूरकर तरी येथे हटकेल, अशी मला धास्ती होती. ती अनाठायी ठरली.

वाघ पाहिल्याचे अवश्य सांगावे. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नसतो, पण टाळ्यांना त्याची माहिती नसते.

पडद्यावर माणसाचे छायाचित्र आले तर त्याचे नाव सांगू नये, जिराफाचे सांगितले तरी चालेल.

तिथल्या पाणीटंचाईवर गहिवरून बोलावे. उजनी काठोकाठ भरलेले असतानाही ज्यांच्या नळाला चार दिवसांआड पाणी येते, असे श्रोते समोर असले तर गहिवर अधिक खुलतो.

इतिहासात शिरू नये. शिरलात तर मलिक अंबर भेटेल, आणि मग इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ताधर्ता कसा झाला, १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना कसे लोळवले, आणि त्यानंतर आपला सोलापूरचा किल्लाही कसा घेतला, हे सगळे सांगत बसावे लागेल. ज्या किल्ल्याच्या कडेला आपण संध्याकाळी भेळ खातो, तो कधी काळी एका आफ्रिकी माणसाने जिंकला होता, हे ऐकून श्रोत्यांचा घास अडकण्याचा संभव आहे.

राजकारणाविषयीची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभा राहून विचारले की, जून २०२४ मध्ये केनियातल्या तरुणांनी करवाढीच्या विधेयकाविरुद्ध संसदेत धडक मारली, गोळ्या झेलल्या आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांना त्या विधेयकावर सही करणार नाही असे जाहीर करावे लागले, त्याविषयी नैरोबीत कोणी काही बोलले का? उत्तर मिळाले, ‘आम्ही त्यांच्या राजकारणात पडलो नाही. तसेही तिकडे लोकशाही रुजत नाही.’ सभागृहाने टाळ्या वाजवल्या. हे उत्तर तुम्हीही पाठ करावे. नाहीतर कोणी सेनेगलचे काढील. तिथे राष्ट्राध्यक्ष मॅकी साल यांनी फेब्रुवारी २०२४ ची निवडणूक पुढे ढकलली, तर घटनात्मक परिषदेने तो निर्णय रद्द केला, मार्चमध्ये मतदान झाले, आणि मतदानाच्या दहा दिवस आधी तुरुंगातून सुटलेला बासिरू जोमाय फाय पहिल्याच फेरीत निवडून आला. बोट्स्वानात १९६६ पासून सलग सत्तेवर असलेला पक्ष त्याच वर्षी हरला आणि राष्ट्राध्यक्षांनी अंतिम निकालाची वाट न पाहता पराभव मान्य केला. दक्षिण आफ्रिकेत मंडेलांच्या पक्षाने तीस वर्षांत प्रथमच बहुमत गमावले आणि ज्यांच्याशी भांडला त्यांनाच सरकारात घेतले. होय, माली, बुर्किना फासो आणि नायजरमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आहे. सुदान एप्रिल २०२३ पासून जळतो आहे. पण मालीतले बंड बोट्स्वानाच्या खात्यावर मांडायचे असेल, तर म्यानमारचे बंड आपल्या खात्यावर का मांडू नये? आणि ज्या शहराच्या महापालिकेचा कारभार मार्च २०२२ नंतर वर्षानुवर्षे प्रशासकाने चालवला, निवडणूक कधी होणार हे विचारायला ज्या शहरातली दहा माणसेही रस्त्यावर आली नाहीत, त्या शहराने सेनेगलच्या लोकशाहीची काळजी करावी? टाळ्या कशाला वाजवल्यात?

आता सूचना देण्याचे नाटक पुरे झाले. त्या सभागृहात पहिल्या रांगेत टांझानियाचा एक विद्यार्थी बसला होता. त्याला व्यासपीठावर बोलावून खांद्यावर सोलापुरी चादर घातली गेली, मग निम्म्या सभेने त्याच्याबरोबर छायाचित्रे काढून घेतली, आणि एका सुशिक्षित गृहस्थांनी त्याला घराजवळ सिंह येतात का असे विचारले. तो दार-एस-सलामचा, लाखोंच्या बंदरशहरात वाढलेला मुलगा आहे. मी अजून सिंह पाहिलेला नाही, असे तो संकोचून म्हणाला, तेव्हा लोक हसले. या मुलाला खोली मिळायला सात आठवडे लागले होते, आणि नकार देणाऱ्यांपैकी दोन घरमालक त्या रविवारी चादरीच्या छायाचित्रात त्याच्या शेजारी उभे होते. याच गावातून डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि तिथेच मरण पावले. त्यांचे नाव आपण भाषणात घेतो आणि परदेशातून आलेल्या मुलाला मात्र खोली देत नाही. लाज वाटली पाहिजे आपल्याला.

त्या मुलाने कार्यक्रमाआधी संयोजकांना स्वतःचे नाव कागदावर लिहून दिले होते. अवघ्या तीन अक्षरांचे नाव होते. तरीही निवेदकाने शेवटपर्यंत त्याला ‘आपले आफ्रिकन पाहुणे’ असेच पुकारले.